काचेवरचं कुंकू

"जरा खाली सरका की हो. अजून. अहो, कपाळ कुठं चाललंय तुमचं?"

शेवंता पलंगावर मांडी घालून बसली होती आणि मी तिच्यासमोर दोन्ही हातांत टॅब धरून उभी होते. टॅबमध्ये तिचा नवरा दिसत होता. तो आमच्याच दवाखान्यात होता, वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात. तिकडच्या एका सिस्टरनं तिथला टॅब त्याच्या तोंडासमोर धरला होता. नवराबायकोच्या मध्ये एक जिना तेवढा होता, पण त्या साथीच्या वर्षी तो चढायची परवानगी कुणाला नव्हती.

दिवाळीचा पाडवा होता. ऑक्सिजनच्या वॉर्डात काडी ओढायची नाही, म्हणून निरांजन नव्हतं. स्वयंपाकघरातून मी चार तांदूळ आणि एक सुपारी आणून दिली होती. शेवंतानं बोटातली अंगठी काढून जेवणाच्या ताटलीत ठेवली. कुंकवाचा करंडा मात्र तिनं घरूनच आणला होता. अँब्युलन्सची घाई चाललेली असताना या बाईनं पिशवीत आधी करंडा टाकला होता.

तिनं ताटली टॅबपुढं तीनदा ओवाळली. मग कुंकू पाण्यात कालवून बोट नवऱ्याच्या कपाळाला लावलं. पण ते लागलं काचेला. नवऱ्यानं मान हलवली, कपाळ गेलं बाजूला, आणि टिळा मागच्या भिंतीवर राहिला.

"बघा, तुमच्याऐवजी भिंतीलाच ओवाळलं," ती म्हणाली.

वरच्या सिस्टरनं हसत हसत टॅब थोडा डावीकडं घेतला, थोडा वर. कल्लाप्पाचं कपाळ हळूहळू त्या टिळ्याखाली येऊन थांबलं. तोंडावर मास्क, त्यातून आवाज घुसमटून येत होता.

"ओवाळणी काय घालू? ह्या झग्याला खिसा न्हाई."

"घरी आल्यावर वसूल करते. गिरणीचा गल्ला माझ्याकडं."

"आज घशात नळी घालणार म्हणत्यात."

"घालू दे. कुंकू लावलंय आता."

तो काहीतरी बोलला, ते आम्हाला कळलं नाही. मग वरच्या सिस्टरनं हात हलवला आणि टॅब काळा झाला. काळ्या काचेवर मधोमध तो लाल टिळा तसाच होता.

शेवंतानं माझं मनगट धरलं. "मावशी, ते पुसू नका हं. त्यांचं कपाळ आहे ते."

मी नुसती मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्या टॅबचं काम असं होतं. बायकांच्या वॉर्डात पंचवीसएक पलंग आणि टॅब एकच. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून तोच एका पलंगावरून दुसऱ्यावर फिरायचा. पण एकीच्या हातचा, एकीच्या श्वासाखालचा टॅब तसाच दुसरीला द्यायचा नाही. वॉर्डाच्या टोकाला सामानाची खोली होती, तिथं एक पेटी होती. बाहेरून बेकरीतल्या भट्टीसारखी, आतून चकचकीत पत्र्याची, मध्ये काचेची फळी. वर खाली दिव्याच्या नळ्या. दार लावून कळ दाबली की आत निळा उजेड पडायचा. त्या उजेडानं जंतू मरतात. आपल्या डोळ्यांना तो दिसू द्यायचा नाही, म्हणून दार घट्ट. आम्ही तिला निळी पेटी म्हणायचो.

पेटी आली तेव्हा डॉक्टरांनी आम्हा मावश्यांना उभं करून समजावलं होतं. "हा उजेड उन्हासारखा आहे. जिथं पडेल तिथंच काम करतो. टॅबवर तेलाचा डाग असला, जेवणाचा हात लागला असला, तर त्याच्याखाली सावली राहते आणि सावलीत जंतू जिवंत राहतात. म्हणून आधी पुसायचं, मग ठेवायचं." पेटीवर तसा कागदही चिकटवला होता. तो मी स्वतः वाचला होता, बोट ठेवून, एकेक अक्षर. मला अक्षरं उशिरा आली, केस पिकल्यावर. दवाखान्यातल्याच एका बाईनं दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली आम्हा चौघींना शिकवलं होतं. त्या वर्षी अंगभर घालायच्या सुटावर ओळखीसाठी नाव लिहायला लागायचं, तेव्हा छातीवर 'साळू मावशी' असं मी माझ्या हातानं लिहायची.

टॅब घेऊन मी निघाले तर पलीकडच्या पलंगावरच्या शमशादभाभींनी विचारलं, "आता माझा नंबर ना गं?" त्यांच्या लेकीला दोन दिवसांपूर्वी मुलगा झाला होता आणि त्यांनी अजून त्याचं तोंड बघितलं नव्हतं. भाभींची तब्येत सुधारली होती. डॉक्टर त्यांना उद्या घरी सोडणार होते.

"आणते लगेच," मी म्हटलं.

"सावकाश आण. एवढंसं पोर कुठं पळून जातंय?"

सामानाच्या खोलीत मालन होती. ती माझ्याहून बरीच लहान, बोलायला फटकळ, मनानं वाईट नाही. पेटीचं दार उघडून तिनं टॅब घ्यायला हात पुढं केला आणि झटक्यानं मागं घेतला.

"अगं बाई. हे काय?"

"शेवंताबाईंनी नवऱ्याला ओवाळलं."

"आणि हे मी पुसू? मी नाही बाई. माझा नवरा ट्रक घेऊन हुबळीला गेलाय. पाडव्याच्या दिवशी कुंकू पुसायला लावता होय?"

"मग?"

"मग असंच ठेवूया." तिनं टॅब कडेला धरून पेटीत ठेवला, दार लावलं, कळ दाबली. दारावरचा बारका दिवा लागला. पेटी घुं घुं करू लागली.

"मालन, त्याच्याखाली सावली राहणार."

"एवढ्याशा टिळ्याची किती सावली?"

"भाभी उद्या घरी चालल्यात. घरात पोर आहे अंगावरचं."

 पेटीची घंटी वाजली. मी दार उघडलं, टॅब बाहेर काढला. टिळा जसाच्या तसा. एकदोन थेंब वाळून कडेला पापुद्रा धरला होता, एवढाच फरक.

"तुम्हीच पुसा की मग," मालन म्हणाली. "तुम्हाला काय होतंय? तुमचं काय जायचंय आता?"

ती सहज बोलली. बोलून झाल्यावर तिलाच कळलं असावं, कारण ती कागदाचा गठ्ठा उगाच नीट करू लागली.

माझा मालक जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. असल्या बोलण्याचं मला नवं काहीच नव्हतं. पण त्या वर्षी मी ते विसरले होते, कारण तो सूट. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, वर टोपडं, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. त्यात कुणाचं कपाळ दिसत नाही, गळा दिसत नाही, हातातल्या बांगड्या दिसत नाहीत. पेशंट बायकांना आम्ही सगळ्या सारख्या. नवरात्रात एका पेशंटनं वॉर्डातल्या सगळ्या मावश्यांच्या टोपड्यांना हळदीकुंकू लावलं, त्यात मलाही लावलं. मी श्वास धरून उभी राहिले होते. लोक म्हणायचे, सुटात जीव गुदमरतो. माझा सूट काढल्यावर गुदमरायचा. दवाखान्यामागच्या खोलीवर जायचं, भाताचा कुकर लावायचा, शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकायचा. सकाळी परत सूट चढवला की मी पुन्हा चार बायकांतली एक.

मी टॅब घेतला आणि पुसायचा कागद न घेता परत वॉर्डात गेले.

"शेवंताबाई, हे पुसावं लागतंय," मी सांगितलं. "पुढं भाभींना द्यायचाय. कुंकवाखाली उजेड जात नाही."

तिनं भाभींकडं बघितलं, टॅबकडं बघितलं. ती अडाणी नव्हती. गिरणीत नवऱ्याबरोबर उभी राहणारी बाई. पण डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"आजच नळी घालणार आहेत हो त्यांना."

"मला ठाऊक आहे."

भाभी पलीकडून म्हणाल्या, "राहू दे गं साळू. मी उद्या घरी जाऊनच बघते पोराला."

"नाही भाभी," शेवंता म्हणाली. थोडा विचार करून तिनं माझ्याकडं मान वर केली. "मावशी, पुसायचं नाही. तुम्ही घ्या. तुमच्या कपाळाला लावून घ्या, सुटावरच. म्हणजे ते पुसल्यासारखं होत नाही. एका सवाष्णीनं दुसरीला दिलं, असं होतं. मागं उरेल ते खुशाल पुसा."

तेवढ्यात कृपा सिस्टर आली. ती वॉर्डाची मुख्य. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सूट तर पिवळ्या पिशवीतच जाणार आहे. घ्या मावशी, आणि हातमोजे बदला. पण आटपा."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. हातमोज्यातलं माझं बोट काचेपासून वीतभर अंतरावर होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. सुटाच्या आत काय आहे हे माझ्याशिवाय एका मालनला माहीत, आणि मालन सांगणारी नव्हती.

"मी सवाष्ण नाही, बाई," मी म्हटलं.

शेवंताचा हात माझ्या मनगटावर होता. तो तिनं काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढला, पण काढला. मग ताटली उचलून मांडीवर घेतली आणि त्यातले तांदूळ बोटानं गोळा करू लागली.

"दुसरी कोणी आहे का?" तिनं सिस्टरला विचारलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी जाऊन मालनला बोलावून आणलं. मालननं पुसायला नकार दिला होता, पण घ्यायला ती लगेच तयार झाली, उलट खूश झाली. काचेवर बोट टेकवून तिनं टिळा टोपड्याच्या कपाळाला लावला आणि शेवंताला वाकून नमस्कार केला. शेवंता म्हणाली, "अखंड सौभाग्यवती राहा." टॅब मीच धरून उभी होते.

मग मी मागं उरलेला तांबूस डाग पुसला, मागचीपुढची बाजू पुसली, पेटीत ठेवला. भाभींना नातू दिसला. तो झोपलेला होता. त्यांनी टॅबवरून त्याची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली, आणि वॉर्डभर सांगत बसल्या की नाक त्यांच्या माहेरचं आहे.

त्यानंतर शेवंता माझ्याशी वाईट वागली नाही. पाणी मागायची, उशी सारखी करायला सांगायची. पण भाऊबीजेला भावाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "टॅब धरायला मालनला पाठवता का?" मी मालनला पाठवलं आणि पेटीपाशी जाऊन बसले. पेटी घुं घुं करायची, त्याचीच सोबत.

कल्लाप्पाला नळी घातली, पण तो त्यातून बाहेर आला नाही. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो गेला.

शेवंताचा ऑक्सिजन तोपर्यंत काढला होता. डॉक्टर आणि कृपा सिस्टर दोघांनी येऊन तिला सांगितलं. ती रडली नाही. 'बरं' म्हणाली, जसं काही औषधाची वेळ सांगितली. पायांवर चादर घेऊन भिंतीला टेकून बसली. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा तिच्याजवळ."

"ती मालनला मागेल."

"मालन आज तिच्याजवळ जायला तयार नाही."

मी जाऊन पलंगाच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसले.  वॉर्डात कुणी खोकलं की तेवढाच आवाज.

थोड्या वेळानं तिच्या घरून फोन आला. मी टॅब आणला आणि तिच्यासमोर धरला. पडदा बायकांनी भरला होता. अंगणात बसल्या होत्या सगळ्या, मध्ये तिची मोठी नणंद. रडून रडून तिचा आवाज बसला होता. भाऊ गेला होता तिचा.

"वयनी, कसं गं झालं हे," ती म्हणाली आणि सगळ्याजणी एकदम रडू लागल्या. टॅबच्या आवाजात ते रडणं फुटक्या पत्र्यासारखं वाजत होतं. शेवंता बघत राहिली.

मग कुणीतरी मागून काहीतरी बोललं. नणंदेनं डोळे पुसले, जवळ आली.

"वयनीजवळ कोण हाय? मावशी, तुम्ही का? अवो, आम्हाला तर येऊ देत न्हाईत. तेवढं तिच्या कपाळाचं पुसून घ्या. गळ्यातलं काढून पिशवीत ठेवा. बांगड्या राहू द्या, त्या घरी आल्यावर बघू. आम्ही हितनं बघतो. रीतीनं झालं म्हंजे बरं."

मी शेवंताकडं बघितलं. तिनं चेहरा थोडा वर केला होता. पेशंट सुई टोचायच्या आधी दंड पुढं करतो, तसा.

"मावशी, ऐकू आलं का?" नणंद म्हणाली.

"आलं. या टॅबची पेटीत ठेवायची वेळ झाली."

"अवो, जरा थांबा की. दोन मिनिटाचं काम."

"दवाखान्याचा नियम आहे, बाई. पुढचा पेशंट थांबलाय."

मी फोन बंद केला. पुढचा पेशंट कुणी थांबला नव्हता. सामानाच्या खोलीत गेले, टॅब दोन्ही अंगांनी पुसला, काचेच्या फळीवर ठेवला, दार लावलं, कळ दाबली. मग परत येऊन स्टुलावर बसले.

"फोन परत येईल त्यांचा," शेवंता म्हणाली.

"उजेडात असला की लागत नाही."

"किती वेळ असतो उजेडात?"

"असतो."

तिनं हात वर नेला, कपाळापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला.  परत खाली ठेवला.

"तुमचं कुणी पुसलं होतं?"

"जावेनं. ओल्या पदरानं. बाकीच्या धरायला होत्या."

"धरायला कशाला?"

"मी काय करीन याची त्यांना भीती होती. मी काहीच केलं नसतं."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, चष्म्यातून जेवढे डोळे दिसत असतील तेवढ्या डोळ्यांकडं. पाडव्यापासून तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं.

"मग मला विचारा," ती म्हणाली.

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं. असं काही कुणाला विचारायचं असतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. काय शब्द वापरायचे तेही कळेना.

"शेवंताबाई," मी म्हटलं, "कपाळावरचं ठेवायचं का?"

तिनं डोळे मिटले. तेव्हा कुठं तिला रडू आलं. मास्क ओला होईपर्यंत रडली. मी उठून तिच्या शेजारी पलंगावर बसले, जे करायची परवानगी नव्हती. तिनं डोकं माझ्या सुटाच्या खांद्यावर टाकलं. कपाळावरचं कुंकू घामानं आणि घासल्यानं माझ्या खांद्याला लागत होतं, ते मला दिसत होतं.

"आज राहू दे," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघते. आज राहू दे."

"राहू दे."

मालन दारातून आत आली. तिचं आमच्या पलंगाजवळ यायचं धाडस होत नव्हतं, ती पलंगांच्या रांगेच्या तोंडाशीच थांबली.

"मावशी, खाली ऑफिसात फोनवर फोन येतायत. शेवंताबाईंच्या घरचे टॅबवर लावतायत, लागत नाही म्हणतायत. टॅब झाला की कधीचा. पेटीची घंटी मघाशीच वाजली."

मी मालनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, मग शेवंताच्या कपाळाकडं, मग माझ्या खांद्याकडं.

"अजून उजेडात आहे म्हणून सांग," मी म्हटलं.

मालन मागं वळली.

"सांगते," ती म्हणाली. सामानाच्या खोलीत गेली. आम्हाला तिथून पेटीची कळ दाबल्याचा आवाज आला, आणि पेटी पुन्हा घुं घुं करू लागली.